कोनाच्या दहातले?

दवाखान्याच्या दारात अनसाआत्या दिसली की मी कपाळाला हात लावायचे. ती एकटी कधीच यायची नाही. तिच्यामागे कोणीतरी बाई असायची, पदर नाकापर्यंत ओढलेली, आणि त्या बाईला काय होतंय ते आधी आत्याच्या तोंडावर दिसायचं. पोटात कळ असेल तर आत्याचा खालचा ओठ दाताखाली. डोकं असेल तर एक डोळा बारीक. एकदा तर मी घाईघाईने आत्यालाच धरून टेबलावर झोपवलं आणि खरी पेशंट दारात उभीच राहिली. आत्या पडल्या पडल्या म्हणाली, "सिस्टर, मले नाही व, तिले."

जऊळक्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा दवाखाना. डॉक्टर साताऱ्याकडचे, तरुण, स्वभावाने शांत. मी वाशीमची, आणि माझा स्वभाव शांत नाही. सकाळपासून शंभर वेळा 'काय होतंय' विचारायचं आणि शंभर वेळा 'कसंतरीच होते' हे उत्तर ऐकायचं, यात माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

आमच्याकडे सासुरवाशीण आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगत नाही. दवाखान्यात सासू बोलते, नाहीतर नवरा बोलतो. सासू सांगते ते सासूच्या सोयीचं असतं. नवऱ्याला काही माहीतच नसतं, तो म्हणतो, "अशक्तपना हाय, सलाईन लावून द्या." अनसाआत्याची गोष्ट वेगळी होती. ती गावची लेक. लग्न होऊन गेली आणि थोड्याच काळात नवरा वारला म्हणून माहेरी परत आली ती कायमची. गावच्या लेकीपुढे कुठल्या सासूचं चालत नाही, म्हणून गावातल्या सगळ्या सुनांनी तिला धरलं. तिच्याहून वयाने मोठे म्हातारेही तिला आत्याच म्हणायचे.

दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली तिची तपासणी चालायची. पहिलं वाक्य ठरलेलं, "मानसं तिकडे." माणसं मुकाट्याने पानठेल्याकडे सरकायची. मग आत्या त्या बाईसमोर उकिडवी बसायची, आपलाच हात आपल्या पोटावर, कमरेवर, छातीवर ठेवायची आणि विचारायची, "असं का असं?"

हे 'असं का असं' म्हणजे आत्याचं सगळं शास्त्र. सोयाबीन सोंगल्यावर, म्हणजे कापून नेल्यावर, वावरात जी खुटं राहतात, ती पायात घुसल्यासारखं, का मिरची खुडून तेच हात डोळ्याला लागल्यासारखं? बैलाचा पाय पायावर पडल्यासारखं, का विंचू चावून वर चढल्यासारखं? या सगळ्या गोष्टी त्या बायांच्या अंगावरून गेलेल्या असायच्या, त्यामुळे त्यांना निवड करता यायची. बाई मान हलवायची, आत्या उठायची आणि आत येऊन डॉक्टरांना सांगायची, "साहेब, हिच्या कमरेत दुखत नाही. सनक निघते, अन् पायात उतरते. वाकली तं निघते, उभी राह्यली तं नाही निघत." डॉक्टर लिहून घ्यायचे. ठणकणं वेगळं, ठसठसणं वेगळं, सलणं वेगळं, भगभगणं वेगळं, हे साताऱ्याच्या माणसाला आमच्या आत्याने शिकवलं. आणि त्यातलं कुठलं साधं आणि कुठलं घातक, ते डॉक्टरांनी तिला शिकवलं. त्या दोघांचं बरं जमायचं. खोळंबा व्हायचा तो माझा.

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं," असं मी एकदा वैतागून म्हणाले. एक बाई काही केल्या नीट सांगत नव्हती आणि बाहेर गर्दी वाढत होती. आत्याला हे बोलणं अजिबात सहन व्हायचं नाही. ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"ज्याचं जळते त्यालेच कळते? मंग शेजारी पानी घेऊन कायले धावते व?"

मी पुढच्या पेशंटला हाक मारली. उत्तर दिलं असतं तरी तिने ऐकून घेतलं नसतं. दुखणं सांगता येतं, सांगता येत नाही म्हणणारा एक तर आळशी नाहीतर ऐकणारा बहिरा, असं तिचं ठाम मत होतं. या मताचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा ताठाही होता.

डॉक्टरांशी तिचं एकदाच वाजलं. डॉक्टर एका म्हाताऱ्याला विचारत होते, "बाबा, दहापैकी किती दुखतंय?" म्हाताऱ्याला वाटलं हे मार्क देणार आहेत. तो हात जोडून म्हणाला, "द्या काय द्याचे ते, मी काय बोलू?" मला हसू आवरेना. आत्या मात्र गंभीर होती.

"साहेब, कोनाच्या दहातले?"

"त्यांच्याच दहातले, आत्या."

"त्याचे दहा तुमाले माईत हाय काय? या बुढ्याच्या अंगावर गाडी पलटी झाली होती, तरी तो पायी घरी आला. त्याचे तीन म्हंजे माये दहा."

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. मला त्यांचे दहा कधीच कळणार नाहीत. पण आज ते आठ म्हणाले आणि पुढच्या वेळी पाच म्हणाले, तर औषध लागू पडलं एवढं मला कळतं. मला तेवढंच पाहिजे."

आत्याने थोडा विचार केला. "हे पटलं," ती म्हणाली. मग म्हाताऱ्याकडे वळून दटावलं, "आठ म्हन." म्हातारा आठ म्हणाला.

एवढं सगळं सांगितलं ते रेखामुळे. नाहीतर आत्याच्या अशा गोष्टी मी सांगत बसले तर दिवस पुरणार नाही.

आत्या भाच्याकडे, सुधाकरकडे राहायची. भाऊ-भावजय गेल्यावर हेच तिचं घर. सुधाकर सरळ माणूस, वावर आणि घर यापलीकडे त्याला जग नव्हतं. त्याची बायको रेखा, माहेर मेडशीचं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, मुलगी झाली, आणि मुलगी मान धरायला लागल्यावर रेखा सासरी आली. लग्नात पाहिलेली रेखा बोलकी होती. ही आलेली रेखा विचारल्याशिवाय बोलत नव्हती. आत्याने डिंकाचे लाडू केले, शेक दिला, पोट बांधलं. रेखा सगळं करून घ्यायची. लाडू हातात दिला की खायची, नाही दिला की मागायची नाही.

एक दिवस आत्या तिला दवाखान्यात घेऊन आली. कडुनिंबाखाली बसवलं. त्या दिवशी गर्दी नव्हती, मी खिडकीत कापूस गुंडाळत बसले होते, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

"सांग, काय होते?"

"काहीच नाही होत, आत्या."

"काहीच नाही म्हंजे? टोचते? जळते? जीव घाबरा होते?"

"लेकरू रडते. मले आयकू येते. उठतो, पाजतो. पन मले काहीच होत नाही."

आमच्याकडच्या बाया 'जातो, येतो' असंच बोलतात, त्यात काही नवीन नाही. पण ज्या आवाजात रेखा हे बोलली तो आवाज मला आवडला नाही. दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तशी ती बोलत होती.

आत्या थांबली. तिच्या शास्त्रात 'काहीच होत नाही' याला जागा नव्हती. मी तिचा चेहरा बघत होते. पेशंटचं दुखणं तिच्या तोंडावर यायचं ना, तर त्या दिवशी काहीच आलं नाही. तिने आपला हात आपल्या पोटावर ठेवला, मग छातीवर ठेवला. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिने रेखाचं दुखणं आपल्या अंगात शोधलं, आणि सापडलं नाही म्हणून आपल्या मनानेच एक ठरवून टाकलं.

"छातीवर धोंडा ठेवल्यावानी होते ना? जड जड?"

रेखाने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणणं तिला सोपं गेलं असावं.

आत आल्यावर आत्या तोऱ्यात म्हणाली, "साहेब, हिच्या छातीवर जड हाय. जेवन जात नाही. पित्ताचं हाय, अन् बाळंतपनाची कमजोरी." डॉक्टरांनी रेखालाही विचारलं, "असंच होतंय का?" रेखा म्हणाली, "हो." पित्ताच्या गोळ्या, रक्तवाढीच्या गोळ्या. मी इंजेक्शन दिलं. सुई टोचताना तिने हात जरासुद्धा हलवला नाही.

पुढे सोयाबीनची सोंगणी लागली. सोंगणीत आमचं गाव दिवसा ओस असतं. चालता येणारा प्रत्येक माणूस वावरात, गावात म्हातारे, लेकरं आणि कुत्री. त्या दिवशी दुपारी आत्या वावरात भाकरी पोचवून घरी आली, तर मुलगी पाळण्यात एकटी रडत होती. मुलीला न्हाऊ घातलेलं, काजळ-तीट लावलेली, धुतलेलं दुपटं अंगावर. भांडी घासून पालथी घातलेली. चुलीसमोर सारवलेलं. रेखा नव्हती. घर इतकं आवरलेलं होतं की आत्या दारातच थिजली.

ती मुलीला कमरेवर घेऊन धावत दवाखान्यात आली. तिला धाप लागली होती. गावभरच्या बायांचं दुखणं शब्दात मांडणारी आत्या माझ्यासमोर उभी राहून नुसतं "सिस्टर, रेखी... रेखी..." एवढंच म्हणत होती.

मी मेडशीला तिच्या माहेरी फोन लावला. रेखा तिथे नव्हती, येणारही नव्हती. पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, मघाशी एक बाई स्टेशनकडे गेली, हातात पिशवीबिशवी काही नव्हतं. डॉक्टरांच्या टेबलावर फिट आलेला पेशंट होता. ते मला म्हणाले, "तुम्ही जा. धरायला धावू नका. आधी बोला."

त्या रस्त्याने मी रोज ये-जा करते. त्या दिवशी तो संपता संपेना. मुलगी माझ्या खांद्यावर रडत होती, आत्या पुढे अनवाणी चालली होती, आणि लांबून मालगाडीचा भोंगा ऐकू आला.

रेखा प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला बसली होती, पाय रुळांच्या बाजूला खाली सोडून. जऊळक्याला मालगाड्या थांबत नाहीत, सरळ निघून जातात. मी ओरडणार होते. आत्याने मागे न बघता हात वर करून मला थांबवलं. मी थांबले. मला आत्याचा संताप आला होता, ही बाई आता तिथे जाऊनही 'असं का असं' करणार म्हणून.

आत्या हळूहळू चालत गेली आणि रेखाच्या बाजूला बसली. आपलेही पाय खाली सोडले. तिने रेखाला धरलं नाही. पण मला मागून दिसत होतं, रेखाच्या पदराचं टोक तिने मुठीत घेतलं होतं आणि मूठ मांडीखाली दाबली होती.

"रेखी, पाय वर घे."

रेखा समोर बघत राहिली.

"मी चुकीचं सांगतलं साहेबाले. तू सांगतलं ते मले समजलं नाही, अन् मी माया मनाचं सांगतलं. धोंडा बिंडा काही नव्हता. हाय ना?"

मालगाडी वळणावर दिसायला लागली.

"आतापन मले समजून नाही राह्यलं. तू सांगशीन तरी समजन का नाही, मले माईत नाही. पन पाय वर घे."

"तुमी जा, आत्या."

"जात नाही. तू घेशीन तवा मी घेईन."

गाडी जवळ येत होती. प्लॅटफॉर्म हादरत होता. आत्याचे काळे, भेगाळलेले पाय रेखाच्या पायांशेजारी लोंबत होते आणि ती ते उचलत नव्हती. मी मुलीचं तोंड माझ्या छातीत दाबलं आणि डोळे मिटून घेतले. हे मी कबूल करते, माझ्याने बघवलं नाही.

डोळे उघडले तेव्हा डबे धडधडत जात होते आणि दोघी प्लॅटफॉर्मवर आडव्या पडल्या होत्या. रेखाने आपले पाय वर घेतले होते आणि आत्याचे पाय दोन्ही हातांनी ओढून वर घेतले होते. आत्याच्या पोटरीला फरशी घासून रक्त आलं होतं. गाडी संपेपर्यंत रेखा ते पाय धरून बसली.

मग ती बोलायला लागली. खूप वेळ बोलली. मी लांब होते, मुलगी रडत होती, त्यामुळे मला एक शब्द ऐकू आला नाही. मला दिसली ती फक्त आत्या. तिने एकदाही तोंड उघडलं नाही, एकदाही आपला हात आपल्या अंगावर ठेवला नाही. नुसती ऐकत होती. रेखा काय बोलली ते नंतर मी आत्याला विचारलं. दुसऱ्या कोणाचं असतं तर तिने साग्रसंगीत सांगितलं असतं. ती म्हणाली, "ते तिचं हाय."

डॉक्टरांकडे ती रेखाला घेऊन आली ती सुधाकरला सोबत घेऊन. दारातून रेखाला आत ढकललं आणि स्वतः कडुनिंबाखाली जाऊन बसली. डॉक्टरांनी बोलावलं तर म्हणाली, "तिचं तीच सांगन. वेळ लागन, पन तिलेच सांगू द्या." वेळ लागला. मी बाहेरची गर्दी थोपवून धरली आणि त्या दिवशी कोणावर डाफरलेही नाही. डॉक्टरांनी सुधाकरला समोर बसवून सांगितलं की बाळंतपणानंतर काही बायांना हा आजार होतो, यात तिचा दोष नाही, तिला एकटं सोडायचं नाही. वाशीमला मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी दिली. रेखा तिकडे जात राहिली. लगेच काही बरं झालं नाही. मध्ये पुन्हा घाबरवणारे दिवस आले. पण हळूहळू पहिली बोलकी रेखा परत आली, आणि एक दिवस मुलीने माझ्या टेबलावरचं थर्मामीटर ओढलं तेव्हा तिने मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला. आत्याने माझ्याकडे बघितलं. मलाही तो धपाटा फार गोड वाटला.

त्यानंतर आत्याची पद्धत बदलली. बायांना घेऊन ती यायची, 'मानसं तिकडे' म्हणायची, पण 'असं का असं' बंद झालं. नुसतं "कसं?" विचारायची आणि गप्प बसायची. बाई गप्प बसली तर तीही गप्प. आमच्या दवाखान्याचा वेळ दुप्पट झाला. काही बायांना हे आवडलं नाही. "आत्या पह्यलेसारखी राह्यली नाही, आपल्यालेच बोलाले लावते," म्हणून त्या आपल्या सासूबरोबर यायला लागल्या. आत्याला याचं वाईट वाटायचं. तिने ते बोलून दाखवलं नाही, पण मला दिसायचं.

मग तिचं स्वतःचं दुखणं निघालं. पाठीत. बरेच दिवस तिने अंगावर काढलं. रेखाने हाताला धरून आणली तेव्हा तिला बाकावर बसतासुद्धा येत नव्हतं. डॉक्टरांनी पाठीचे एक्स-रे काढून आणायला लावले, ते उजेडात धरून पाहिले आणि पुन्हा पाकिटात घातले. अकोल्याला न्यावं लागेल, म्हणाले.

"आत्या, कसं दुखतं?"

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टर तिने शिकवलेलेच शब्द तिला एकेक करून देत राहिले. ठणकतं? सलतं? सणक निघते? भगभगतं? आत्या प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"बरं, दहापैकी किती?"

आत्याला तेवढ्यातही हसू आलं. "कोनाच्या दहातले, साहेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग रेखाकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही सतत बरोबर असता."

मला वाटलं आता रेखा सांगेल. आत्याच्याच घरातली, आत्याच्याच हाताखालची.

"मले नाही माईत, साहेब," रेखा म्हणाली. "तिचं तिलेच माईत. मी जवळ बसतो फक्त."

आत्याने डोळे मिटले होते. ती म्हणाली, "बराबर सांगतलं पोरीनं."

सुधाकरने भाड्याची गाडी आणली. आम्ही सगळ्यांनी मिळून आत्याला मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं रेखाच्या मांडीवर, भेगाळलेले पाय माझ्याकडे. दार लावताना मी ते पाय आत घेतले. आत्या त्यानंतर गावात परत आली नाही, तेव्हा मी तिला शेवटचं पाहिलं ते असं. तिचा चेहरा कळवळलेला होता, आणि या वेळी ते दुखणं दुसऱ्या कोणाचं नव्हतं. रेखा तिला काही विचारत नव्हती. ती समोर रस्त्याकडे बघत बसली होती, आणि आत्याच्या पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.